लाल झालेली हळद

आमच्या घरात फुलं कुणी हुंगत नसे. तेवढी सवड कुणाला होती? पातूरला आमचा लहानसा मळा होता. त्यात शेवंती, झेंडू, गलांडा, विहिरीच्या अंगाने मोगरा आणि कुंपणाला जास्वंद. उजाडायच्या आत तोडणी व्हायची, ओल्या पोत्यांत फुलं बांधली जायची आणि पहिल्या बसच्या टपावर टोपल्या चढवून बाबा अकोल्याच्या बाजाराला निघायचे. लहानपणची सकाळ मला वासाने आठवत नाही, आवाजाने आठवते. विहिरीवरच्या इंजिनाची टुकटुक, टोपलं घासून उचलल्याचा आवाज आणि त्या सगळ्यावर मायचा आवाज, "बेबी, हात चालव वं, फुलं का तुह्याशी बोलून राहिले?" बेबी म्हणजे मी. कागदावर नाव वेगळं होतं, पण ते फक्त शाळेला माहीत होतं. तोडणी उरकली की चुलीपुढे पाय पसरून बसायचं आणि तव्यावरून उतरलेली ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा, वर जवसाचं कच्चं तेल असं हाणायचं. आता अमरावतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. डॉक्टर म्हणतात तिखट बंद करा. मी हो म्हणते आणि घरी येऊन ठेचा कुटते.

दुपारी ओसरीत हार ओवायचं काम चाले. त्यात माझी ताई, मंदा, सगळ्यांत तरबेज. केळीच्या सोपटाची ओली दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून ती अशी सरसर गाठी मारायची की बघणाऱ्याला बोटं दिसू नयेत. मी तिच्या शेजारी बसून निम्मा हार करीपर्यंत तिचे दोन होत, आणि वर माझा उसवून ती परत ओवायची. "तुह्या हाराचे फुलं नवरीच्या आधी सासरी जाईन," म्हणायची. गावातल्या लग्नांचे हार, मुंडावळ्या, वेण्या, सगळं तिच्या हातचं जायचं.

मग तिचं लग्न ठरलं. बाळापूरकडचा मुलगा होता, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं, लग्नाच्या कपड्यांचा बस्ता बांधून झाला, आणि लग्न तोंडावर असताना तो मुलगा तापाने गेला. ताईने त्याला साक्षगंधात एकदाच पाहिला होता. घरात कुणी काही बोललं नाही. बोललं गाव. पांढऱ्या पायाची, म्हणाले. आमच्यासमोर नाही, पण आम्हाला ऐकू येईल अशा बेताने. नंतर एक गिऱ्हाईक हार सांगायला आलं आणि जाता जाता मायला म्हणालं, "हार तेवढा मंदाच्या हातचा नको, बाई. समजून घ्या." मायने समजून घेतलं. मग दुसरं आलं, तिसरं आलं. त्यानंतर ताई देवाचे हार करायची आणि मयतीचे. लग्नाचे माय आणि मी करायचो, आणि ताई आमच्याकडे पाठ करून बसायची. ती रडली नाही. रडली असती तर मला जरा बरं वाटलं असतं. आज इतक्या वर्षांनी हे लिहितानाही त्या गिऱ्हाइकाचा मला राग येतो, आणि तो येऊ द्यावा असंच वाटतं.

मी तेव्हा दहावीत होते. आमचे विज्ञानाचे सर दूरवरून बदलून आलेले, उंच, सदा घाईत असलेले. शाळेत आम्ल आणि आम्लारी शिकवायची वेळ आली तेव्हा कपाटातला लिटमस कागद निघाला तो दमट होऊन बुरसटलेला. सरांनी तो दोन बोटांत धरून सगळ्या वर्गाला दाखवला, जणू चूक आमचीच. मग म्हणाले, "तुमच्यापैकी जास्वंद कुणाच्या घरी आहे?" सगळा वर्ग माझ्याकडे वळला. दुसऱ्या दिवशी मी पिशवीभर लाल जास्वंद घेऊन गेले. सरांनी पाकळ्या पाण्यात उकळल्या, जांभळट पाणी गाळलं, त्यात टीपकागद भिजवून वाळवला आणि कापून पट्ट्या केल्या. लिंबाच्या रसात पट्टी गुलाबी झाली. धुण्याच्या सोड्यात हिरवी झाली. हिरवी! जन्मभर जी फुलं मी तोडली, मोजली, विकली, त्यांच्या पोटात हिरवा रंग आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला तर ती फुलं आपल्याशी लबाडी करत आली असंच वाटलं.

त्यानंतर महिनाभर मी घरच्यांचा जीव खाल्ला. चिंचेचं पाणी, ताक, आंबाडीच्या भाजीचं पाणी, राख, साबण, बाबांच्या तंबाखूचा चुना, काही सोडलं नाही. मायच्या सगळ्या वाट्या जांभळ्या झाल्या. "काहून वं, त्या फुलाची भाजी करून राहिली का?" ती म्हणे. "नाईतर मंग, तुहा सासरा म्हनन, सून मले जास्वंदाचं वरन खाऊ घालते." ताई तेवढी माझ्या बाजूची. मी पट्टी बुडवायच्या आधी ती अंदाज सांगायची, गुलाबी का हिरवी, आणि पुष्कळदा तिचा अंदाज बरोबर यायचा. त्या दिवसांत ती हसलेली मला आठवते ती एवढ्याच खेळात. हळदीचं सरांनीच सांगितलं होतं. हळदही रंग पालटते, पण एकाच बाजूला. आंबट कितीही घाला, ती पिवळीच राहते. चुना, सोडा, साबण लागला की लाल. मग परत आंबट घातलं की पुन्हा पिवळी.

पुढे मी हेच शिकवून पेन्शन मिळवली, म्हणून दोन शब्द जास्त बोलते. या रंगांच्या कणाजवळ हायड्रोजनचा बारीकसा अंश असतो. भोवती आम्ल असेल तोवर तो कण आपला हायड्रोजन धरून राहतो, आम्लारी आलं की सोडून देतो, आणि त्याबरोबर त्याची उजेड गिळायची तऱ्हा बदलते. आपल्याला वेगळा रंग दिसतो. कोणता रंग केव्हा पालटायचा याचीही प्रत्येकाची जागा ठरलेली. मातीच्या अहवालात शेतकरी ज्याला सामू, म्हणजे पीएच, म्हणतात, त्या मोजपट्टीवर सात म्हणजे मध्य. हळद सातच्या जराशी पुढे गेली की लाल व्हायला लागते. बस, एवढंच. पण वर्गात हे सांगताना दर वर्षी मी हळदीची वाटी पुन्हा पुन्हा लाल-पिवळी करत बसायचे आणि मुलींना वाटायचं बाईंना तास संपल्याचं कळलंच नाही.

तर शेंदूरजनाघाटचं स्थळ आलं. संत्र्याचा बगिचा असलेलं, भरल्या माणसांचं घर. बाबांची आणि त्यांची बाजारात ओळख झालेली. मुलाला आई नव्हती, लहानपणापासून आत्याने वाढवलेला. या गंगूआत्या विधवा होऊन भावाच्या घरी राहिलेल्या. बुटक्या, काळ्यासावळ्या, खणखणीत आवाजाच्या. पाहायला आल्या तेव्हा मायने आधीच बाळापूरच्या मुलाचं सांगून टाकलं. मागून कळलं तर अजून वाईट, असा तिचा हिशोब. आत्या म्हणाल्या, "माहीत हाय मले. पोरगी कामाची हाय. बाकी मी पाहून घेईन." मुलाच्या काकूचं तोंड वाकडं झालेलं मी दाराआडून पाहिलं. म्हणजे हे लग्न एकट्या आत्यांच्या शब्दावर उभं होतं, आणि ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

लग्न मृगबहाराची संत्री निघत होती तेव्हाचं, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाशी. वऱ्हाड ट्रकने आलं, सोबत संत्र्यांच्या टोपल्याच टोपल्या. वऱ्हाडाला उतरायला जानोसा शाळेत दिला होता, त्यामुळे माझ्याच वर्गात नवरदेव झोपला याची मला फार मौज वाटली. घराला दोनच दिवसांपूर्वी चुना दिला होता, अंगणात मांडव, मागच्या बाजूला वांग्याच्या भाजीचं मोठं पातेलं, आमच्याकडे गंज म्हणतात ते, चुलीवर चढलेलं आणि गोवऱ्यांत भाजणाऱ्या कणकेच्या रोडग्यांचा खरपूस वास सगळीकडे. आमच्यात नवरदेवाला लावून उरलेली हळद नवरीला लावतात, उष्टी हळद. नवरदेवाला त्यांनी घरूनच हळद लावून आणलं होतं. उरलेली डब्यात भरून सोबत आणली होती. सकाळी वाजंत्री लावून बाया ती घेऊन आल्या. डबा नव्या खणात गुंडाळलेला, गंगूआत्यांच्या डोक्यावर.

ताई पाटावर बसली. आत्यांनी खण सोडला. झाकण फार घट्ट होतं, पळीच्या दांड्याने उचकटावं लागलं. उघडलं, आणि आत हळद लाल होती. थोडी नाही, काठापासून तळापर्यंत तांबडीलाल.

वाजंत्री बाहेर वाजतच होती, ती कुणीतरी हात करून थांबवली. मुलाच्या काकूने डब्यात वाकून पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पोराले लावली तवा पिवळीजरद होती. मी सोता लावली. आता पोरीच्या दारात आली आन् रक्तावानी झाली." मग आणखी एक म्हणाली, "एकदा झालंच हाय ना तिच्या बाबतीत." बातमी पुरुषांकडे गेली. घरचा कारभार पाहणारे मुलाचे काका मांडवाच्या कडेला येऊन बाबांना म्हणाले, "पाव्हने, जरा थांबा. हळद राहू द्या. आमाले आपसात बोला लागन." बाबांच्या हातात मांडवाला लावायच्या झेंडूच्या माळा होत्या. ते त्या घेऊन तसेच उभे राहिले. मी ताईकडे पाहिलं. ती पाटावर होती तशीच होती, फक्त पुढे केलेले दोन्ही हात तिने मागे घेऊन मांडीवर ठेवले होते.

हा लाल रंग मी पाहिला होता. मायच्या वाटीत, कितीतरी वेळा. मी म्हणाले, "चुना लागला हाय तिले."

"चूप बस, बेबी," माय म्हणाली.

मी बसले नाही. आमच्या घरची कालवलेली हळद परातीत होती, ती ओढून घेतली. वऱ्हाडातल्या एका म्हातारीच्या कमरेला तंबाखूची चंची होती. तिला म्हणाले, "आजी, जरासाक चुना द्या." तिने गोंधळून दिला. पिवळ्या हळदीत मी चुन्याचं बोट फिरवलं आणि जिथे बोट फिरलं तिथे लाल रेघ उठली. बाया पुढे झुकल्या. मग दारातल्या टोपलीतून एक संत्रं उचललं, आंबट असावं म्हणून हिरवट बघून, आणि त्या रेघेवर पिळलं. रेघ विटकरी झाली, मग गेली. परात पहिल्यासारखी पिवळी.

"करनी करून राहिली पोट्टी," काकू म्हणाली.

"मंग तुमी करा," म्हणून मी डबा आणि दुसरं संत्रं तिच्यापुढे सरकवलं. मला आज माझ्या त्या आगाऊपणाचं नवल वाटतं. मुलीकडची, तीही परकरातली, व्याह्यांच्या घरातल्या बाईला काम सांगते. पण काकू चिडलेली होती, आणि चिडलेलं माणूस मागे हटत नाही. तिने डब्यातली मूठभर हळद तळहातावर घेतली आणि संत्रं असं कचकचून पिळलं की रस कोपरापर्यंत ओघळला. दुसऱ्या हाताच्या बोटांनी ती कालवत राहिली. तिच्या स्वतःच्या हातात लाल हळद आधी तांबूस आणि मग पिवळी झाली. ती कितीतरी वेळ हाताकडे बघत होती. आता वाटतं, त्या मांडवातल्या प्रत्येक सवाष्णीच्या कपाळावर असलीच लाल हळद होती. जुन्या रीतीचं कुंकू हळदीला चुन्यासारखं काही देऊनच तर होतं. हे मला तेव्हा सुचलं असतं तर मी नक्की बोलून गेले असते आणि मार खाल्ला असता.

आता प्रश्न एकच उरला होता आणि तो कुणी विचारत नव्हतं. चुना आला कुठून? मायने घाईघाईने तोंड उघडलं. "आमचंच झालं असंन. परवाच घराले चुना देला. कोनाचा तरी हात लागला असंन डब्याले." खोटं होतं ते. डबा आमच्या देखत उघडला होता, आमचा हात लागायचा प्रश्नच नव्हता. पण व्याह्यांच्या माणसाची मान खाली जाऊ नये, आणि लग्न तेवढं पार पडावं, म्हणून तिने ते स्वतःवर ओढून घेतलं. काकांनी लगेच मान हलवली. त्यांना ते सोयीचं होतं. गंगूआत्या गप्प राहिल्या असत्या तर गोष्ट तिथेच मिटली असती.

आत्यांनी झाकण उचललं, उजेडाकडे धरलं आणि आतल्या दुमडीत नख घालून खरवडलं. पांढरी खपली निघाली. "नाई वो बाई," त्या मायला म्हणाल्या. "डबा माहा हाय. झाडाच्या बुडाले लावाचा चुना राह्यते याच्यात. ट्रकात सांडू नये म्हनून घट्ट झाकनाचा घेतला. घासला व्हता मी, पन दुमडीत राहूनच गेला, ट्रकात हिंदकून साऱ्या हळदीत उतरला." मग भावाकडे, म्हणजे मुलाच्या काकांकडे वळून म्हणाल्या, "चुकी माही हाय. पोरीले बोल लावसान तर मले लावा." घरात थोरल्या बहिणीचा मान असलेली ती बाई, सगळ्या वऱ्हाडासमोर, स्वतःच्या घरच्यांसमोर असं म्हणाली. आवाज खणखणीतच होता. मला त्यांच्याबद्दल त्या क्षणी जे वाटलं ते आजही तसंच आहे. पुढे त्या थकल्या तेव्हा ताईने त्यांचं सगळं केलं, आणि मीही सुट्टीत अमरावतीहून बस धरून जायचे ते आधी त्यांच्यासाठी, मग ताईसाठी.

काकांनी वाजंत्रीवाल्याकडे बघून, वाजव म्हणून, मान हलवली. आत्यांनी डबाभर हळद परातीत काढून घेतली, त्यात चार-पाच संत्री पिळली आणि आधी स्वतःच ताईच्या गालाला लावली. मग काकूने लावली. हसली नाही, पण दोन्ही हातांनी लावली. ताईच्या अंगाला संत्र्याचा वास येत होता. पोरी त्यावरून चिडवायला लागल्या, की नवरदेव हिला सोलून खाईल, आणि मांडव परत मांडवासारखा झाला.

हळद झाल्यावर मागच्या अंगाला, बांबूच्या तट्ट्याच्या आडोशाला ताईला न्हायला बसवलं. मी तांब्याने पाणी घालत होते. तिने दंडाला साबण लावला आणि एकदम हात झटकला. फेसाखाली हळद लाल झाली होती, दंडभर. ती माझ्याकडे बघत राहिली.

"साबनानं होते ताई," मी म्हणाले. "साबन चुन्यासारखाच. थांब." मी पाणी ओतलं, फेस वाहून गेला, आणि खाली तिचा पिवळा दंड. तिने पुन्हा साबण लावला. लाल. मी पुन्हा पाणी ओतलं. पिवळा. तिसऱ्यांदा तिने स्वतःच केलं, सावकाश, एखादी वस्तू पारखून घ्यावी तसं. मग साबण खाली ठेवला.

"म्हंजे हे माह्यामुळं नाई."

"नाई."

"कोनालेबी लावलं तरी असंच होईन."

"कोनालेबी."

तिने भिजले केस पिळून मागे टाकले. मग अगदी हळू, मला वाकून ऐकावं लागलं, म्हणाली, "मंग तो पोरगा, बेबी? तो माह्यामुळं गेला का?"

इतके दिवस ही आमच्याकडे पाठ करून मयतीचे हार ओवत होती आणि मनात हे घेऊन बसली होती. आम्हाला वाटायचं तिला गावाचं वाईट वाटतं. गाव म्हणतं ते तिने खरं मानलं असेल, हे मला कधी सुचलंच नव्हतं. मायलाही नाही. मी तांब्या खाली ठेवला आणि तिच्यासमोर ओल्यात बसले.

"नाई ताई. त्याले ताप आल्ता."

"खरंच?"

"खरंच. ताप आल्ता त्याले."

तिने मान हलवली आणि मग ती रडायला लागली. हुंदके देऊन नाही, मोठ्याने, लहान पोरासारखी. मांडवातून माय धावत आली, तट्टा बाजूला करून म्हणाली, "काय झालं वं?"

"साबन गेला डोयात," मी म्हणाले.

मायने ताईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग तट्टा परत नीट लावला आणि बाहेर आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. वऱ्हाडातल्या बाया बोलवायला येत होत्या, मुहूर्त जवळ आला म्हणून सांगत होत्या. ती प्रत्येकीला म्हणत होती, "येऊन राहिली, येऊन राहिली. न्हाऊ द्या तिले." ताईचं रडणं पुरतं होईपर्यंत ती तिथून हलली नाही.